‘परत येत नाहीत’ असं लिहिण्याआधी

ह्यूस्टनमध्ये पब्लिक हेल्थ शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मी एका कम्युनिटी क्लिनिकमध्ये इंटर्नशिप करते. पेशंट बहुतेक मेक्सिको, होंडुरास, ग्वातेमालाच्या बायका. पॅप टेस्टमध्ये (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीत) काही वावगं निघालं तरी बऱ्याचजणी पुढच्या तपासणीला येत नाहीत. बाळंतपणानंतर तर गायबच होतात. आमच्या सुपरवायझर म्हणतात की त्यांची संस्कृतीच तशी, कॅथलिक धर्म, नवऱ्याचा धाक. हे खरं आहे का? आणि कॉलेजात ‘रिप्रॉडक्टिव्ह जस्टिस’ शिकवतात, ते म्हणजे गर्भपाताचा हक्कच ना? त्याचा आणि याचा काय संबंध?"

तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या असाल, तरी ओळख नाही म्हणून तुम्हीच म्हणते. मी नर्स-मिडवाइफ आहे. टेक्सासमध्ये एकोणीस वर्षं झाली. पहिली सहा ह्यूस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात, बाळंतकक्षात काढली. त्यानंतर इथे, मेक्सिकोच्या हद्दीला लागून असलेल्या रिओ ग्रान्दे व्हॅलीत आले. त्यामुळे माझं उत्तर टेक्सासपुरतं आहे. कॅलिफोर्नियात २०२४पासून कागदपत्रं नसलेल्या प्रौढांनाही सरकारी विमा मिळू लागला (२०२६पासून नव्या प्रौढांची नोंदणी थांबवली, ते वेगळं). तिथल्या मिडवाइफने तुम्हाला वेगळं सांगितलं तर ती चुकीची ठरत नाही.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. बायका का येत नाहीत, हा एक. आणि ‘आली नाही’ याचा अर्थ ‘तिला नको आहे’ असा घ्यायचा का, हा दुसरा. सगळा घोळ दुसऱ्यात आहे.

एक साधी पडताळणी करा. क्लिनिकने परवानगी दिली तर गेल्या वर्षभरात बाळंत झालेल्या बायकांच्या फायली काढा. बाळंतपणाआधीच्या तपासण्यांना त्या किती नियमित आल्या ते बघा. माझा अनुभव असा की ज्या बाईबद्दल ‘संस्कृती’ म्हटलं जातं, तीच बाई नऊ महिने सकाळी सातला दारात उभी असते. धर्म तोच, नवरा तोच, सासू तीच. मग बाळंत झाल्यावर दोन महिन्यांत संस्कृती बदलली का? बदलतो तो विमा. टेक्सासमध्ये कागदपत्रं नसलेल्या गरोदर बाईला ‘चिप पेरिनेटल’ नावाची योजना मिळते. ती कायद्याने पोटातल्या बाळाची योजना आहे, आईची नाही. तपासण्या होतात, बाळंतपण निघतं, नंतर आईच्या दोन भेटी, आणि संपलं. बाळ जन्मतःच अमेरिकन नागरिक, त्याला मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी विमा, मिळतो. आई पुन्हा होती तिथे. २०२४च्या मार्चपासून टेक्सासने बाळंतिणीचं मेडिकेड बारा महिन्यांपर्यंत वाढवलं, पण ते मेडिकेडवाल्या आयांना. चिप पेरिनेटलवालीला नाही.

बाळंतपण या योजनेतून होतं, पण त्याच वेळी ‘ट्यूब बांधून द्या’, म्हणजे नसबंदी करा, म्हटलं तर त्याचे पैसे मिळत नाहीत. तिसऱ्या सिझेरियनला पोट उघडलेलंच असतं, काम काही मिनिटांचं असतं, आणि बाईने सातव्या महिन्यापासून मागणी केलेली असते. मी अशा बायकांना परत पाठवलं आहे. वर्षाने त्या चौथ्यांदा गरोदर होऊन आल्या, तेव्हा कुणीतरी फायलीपलीकडून म्हणालंच, "या लोकांना मुलं फार आवडतात."

आता पॅप टेस्टचं. माझ्याकडची एक बाई सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. वय अडतीस, कांद्याच्या पॅकिंग शेडमध्ये काम. टेस्टमध्ये पेशींत मोठा बदल दिसला होता, कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख नीट तपासणं, तातडीने हवी होती. तीन अपॉइंटमेंट चुकल्या. फोन लागेना. शेवटी आमच्या प्रोमोतोरा तिच्या कोलोनियात गेल्या. प्रोमोतोरा म्हणजे वस्तीतलीच प्रशिक्षण घेतलेली बाई, आपल्या आशाताईंसारखी. आणि कोलोनिया म्हणजे शहराच्या हद्दीबाहेर पडलेले प्लॉट, पाऊस पडला की रस्त्याचा चिखल होणारे, गटार नसलेले, बस न येणारे. बाई घरी होती. आमची तिन्ही पत्रं तिने मुलांच्या जन्मदाखल्यांच्या प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये, घडी न मोडता ठेवली होती. पत्रं इंग्रजीत होती. तिला वाटलं बिलं आहेत, पैसे जमले की भरू.

बाकीचं हळूहळू कळलं. नवऱ्याला वर्षापूर्वी परत पाठवलं होतं, गाडी तोच चालवायचा. आता कुठे जायचं तर राइतेरो. हा शब्द तुम्हाला ऐकायला मिळेल: पैसे घेऊन गाडीने सोडणारा माणूस. जायचे-यायचे चाळीस डॉलर, थांबायचे वेगळे. आमची अपॉइंटमेंट दुपारी अडीचची, मुलीची शाळा तीनला सुटते. शेडमधला अर्धा दिवस बुडला की दुसऱ्या दिवशी बोलावतीलच असं नाही. आणि प्रीपेड फोनचा नंबर दोनदा बदललेला. यातलं संस्कृती कशाला म्हणायचं? प्रोमोतोराने स्वतःच्या गाडीतून आणली, शनिवारी सकाळी. कॉल्पोस्कोपी झाली, बदललेला भाग काढला, आज ती बरी आहे.

तिने टेबलावर झोपल्या झोपल्या मला एक प्रश्न विचारला होता, तो मात्र मी विसरलेले नाही. "यात ते निघालं, तर पुढे काय?"

टेक्सासमध्ये स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी राज्याची योजना आहे. त्यात नागरिकत्वाची अट नाही. पण कॅन्सर निघालाच तर त्याच्या उपचारासाठी जे मेडिकेड आहे, त्याला नागरिकत्व किंवा ठरावीक कागद लागतात. म्हणजे रोग शोधून मिळेल, बरा करून मिळेलच असं नाही. आमच्या बायकांना नियमाचं नाव माहीत नसतं, नियम पाठ असतो, कारण कुणाच्या तरी कोमाद्रेचं, म्हणजे जिवलग मैत्रिणीचं, तसं झालेलं असतं. उपचार नसेल तर कळून घेऊन करायचं काय, असा विचार करणारी बाई अडाणी नाही, हिशेबी आहे. तिला मी एवढंच सांगू शकते की कॅन्सर होण्याआधीचा बदल इथेच, क्लिनिकमध्येच, काढता येतो, म्हणून आत्ता ये. ते खरंही आहे, आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर इथल्या लॅटिना बायकांना गोऱ्या बायकांपेक्षा जास्त होतो तो बराचसा याच कारणाने: बदल वेळेवर काढला जात नाही.

इथे तुमचं आणि माझं गाव वेगळं पडतं. तुम्ही हॅरिस काउंटीत आहात; काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं. तिथे हॅरिस हेल्थ ही काउंटीची स्वतःची रुग्णालय-व्यवस्था आहे, आणि काउंटीत राहण्याचा पुरावा, उत्पन्न एवढं दाखवलं की इमिग्रेशन न बघता सवलत मिळते. म्हणजे त्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर आहे, तुम्ही ते पहिल्याच भेटीत द्या. माझ्या हिडाल्गो काउंटीत सरकारी रुग्णालयच नाही. असं रुग्णालय चालवायला लागणारा हॉस्पिटल डिस्ट्रिक्टचा कर मतदारांनी नाकारला. मोठ्या उपचाराला सॅन अँटोनियो नाहीतर गॅल्व्हेस्टन. आणि तिथे जाताना हायवे २८१वर इमिग्रेशनची कागदपत्रं तपासणारा फाल्फूरियासचा नाका आहे, ७७वर सरिताचा. हद्दीपासून चांगले साठ-सत्तर मैल आत. दक्षिणेला नदी, उत्तरेला नाका. २०१७मध्ये लारेडोहून कॉर्पस क्रिस्टीला शस्त्रक्रियेसाठी निघालेल्या दहा वर्षांच्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या अँब्युलन्सला नाक्यावर थांबवलं, पुढे रुग्णालयापर्यंत पाठलाग केला आणि शस्त्रक्रियेनंतर ताब्यात घेतलं. व्हॅलीतल्या प्रत्येक आईला ही गोष्ट माहीत आहे.

भीतीबद्दल थोडं, कारण ती गेल्या दोन वर्षांत बदलली आहे. १ नोव्हेंबर २०२४पासून राज्यपालांच्या आदेशाने टेक्सासच्या रुग्णालयांना पेशंटला इमिग्रेशनबद्दल विचारावं लागतं. उत्तर देणं बंधनकारक नाही, आणि दिलं नाही म्हणून उपचार थांबत नाहीत. पण फॉर्मवर प्रश्न छापलेला असला की खाली बारीक अक्षरातलं कोण वाचतं? जानेवारी २०२५मध्ये केंद्राने रुग्णालयं, शाळा, चर्च इथे कारवाई टाळण्याचं जुनं धोरण मागे घेतलं. जुलै २०२५मध्ये कम्युनिटी हेल्थ सेंटरच्या सेवाही ठरावीक इमिग्रेशन दर्जापुरत्या ठेवण्याची नोटीस निघाली. काही राज्यांत कोर्टाने ती अडवली, त्यांत टेक्सास नाही. तुमचं क्लिनिक यावर नेमकं काय करतं ते आधी विचारून घ्या, तोंडी अंदाज बायकांना सांगू नका. चुकीचा दिलासा दिला आणि उलट घडलं, तर क्लिनिक सोडून ती एकटी जात नाही, तिच्यासोबत अख्खी गल्ली जाते. २०२२च्या एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या स्टार काउंटीत सव्वीस वर्षांच्या बाईला स्वतःचा गर्भपात केला म्हणून खुनाच्या आरोपाखाली अटक झाली, खबर रुग्णालयातून गेली होती. टेक्सासच्या कायद्यात त्या बाईवर असा गुन्हाच लागत नाही, म्हणून आरोप काही दिवसांत मागे घेतला. त्यानंतर कित्येक महिने रक्तस्राव घेऊन येणाऱ्या बायका मला पहिल्यांदा विचारायच्या, "तुम्ही लिहिता ते कोण वाचतं?"

आता तो फॉर्म, ज्यावर मला खरं तर तासभर बोलता येईल. मेडिकेडवर नसबंदी करायची तर बाईने एका ठरावीक संमतिपत्रावर सही करावी लागते, वय एकवीस पूर्ण हवं, आणि सहीनंतर तीस दिवस थांबावं लागतं. सही १८० दिवस चालते. लवकर बाळंत झाली तर सहीनंतर बहात्तर तास झालेले असले तरी चालतं. ह्यूस्टनला मी नवीन असताना या फॉर्मचा मला फार राग यायचा. बाई रात्री दोनला कळा घेऊन येते, ट्यूब बांधायच्याच म्हणते, आणि फॉर्म सापडत नाही, किंवा सत्तावीसच दिवस झालेले असतात. हा काय छळ, असं वाटायचं. एका वयस्क प्वेर्तोरिकन नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं की हा फॉर्म कुणामुळे आला ते आधी माहीत करून घे.

प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर १९३७च्या कायद्याने नसबंदीला जागा करून दिली, आणि १९६५च्या पाहणीत वीस ते एकोणपन्नास वयाच्या आयांपैकी साधारण एक-तृतीयांश जणींची ती झालेली होती. तिकडे नुसतं ‘ला ओपेरासिओन’ म्हटलं की पुढे सांगावं लागत नाही. आपल्याकडे ‘ऑपरेशन झालं का?’ म्हटल्यावर कुठलं, असं कुणी विचारत नाही, तसंच. लॉस एंजेलिसच्या काउंटी रुग्णालयात साठच्या दशकाच्या अखेरीपासून मेक्सिकन बायकांकडून कळांमध्ये, इंग्रजी कागदांवर सह्या घेतल्या गेल्या. काहींना तर नसबंदी झाल्याचं नंतर, पुन्हा दिवस का जात नाहीत म्हणून दाखवायला गेल्यावर कळलं. तिथल्याच बर्नार्ड रोझेनफेल्ड या तरुण डॉक्टरने कागद बाहेर आणले. दहा बायकांनी १९७५मध्ये दावा लावला, मॅड्रिगल विरुद्ध क्विलिगन, वकिलांत अंतोनिया एर्नांदेस. १९७८मध्ये न्यायाधीशांनी डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला. कारण काय दिलं? संवादात गोंधळ झाला, आणि या बायकांना झालेला त्रास त्यांच्या सांस्कृतिक पार्श्वभूमीमुळे जास्त झाला. तुमच्या सुपरवायझरबाईंचं वाक्य मला तिथून ओळखीचं वाटलं. लॉस एंजेलिस काउंटीने माफी मागितली ती २०१८मध्ये. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये हेलन रोद्रिगेस-त्रियास या प्वेर्तोरिकन बालरोगतज्ज्ञ बाई तीस दिवसांच्या थांब्यासाठी भांडत होत्या. पुढे त्या अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनच्या पहिल्या लॅटिना अध्यक्ष झाल्या. त्या भांडणातून सत्तरच्या दशकाच्या शेवटी हे केंद्राचे नियम आले.

म्हणजे ज्या फॉर्मने एका पिढीला वाचवलं, तोच पुढच्या पिढीला आडवा येतो. काढून टाकावा का? मला विचाराल तर नाही. पण तो विसाव्या-चोविसाव्या आठवड्यातच तिच्या भाषेत समजावून, सही घेऊन, प्रत तिच्या हातात द्यायला हवी. रुग्णालय कॅथलिक संस्थेचं असेल तर तिथे ट्यूब बांधत नाहीत, हेही तेव्हाच सांगायला हवं, टेबलावर नव्हे.

माझीही एक चूक सांगते. पहिल्या वर्षी मी एका बाईला सगळं समजावलं, ती प्रत्येक वाक्याला "सी, सी" म्हणत होती. मी ‘पेशंटला समजले’ असं लिहिलं. तिचं ‘सी’ म्हणजे आपल्या आईचं फोनवरचं ‘हं, हं’ होतं: ऐकतेय, चालू दे. त्यात ती ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातली, तिची भाषा माम. स्पॅनिश तिला माझ्या कानडीइतकीच, म्हणजे जेमतेम. तिचा नऊ वर्षांचा मुलगा मधेमधे भाषांतर करत होता, गर्भपिशवीबद्दल. कायद्याने लहान मुलाला असं वापरता येत नाही, तातडीचा प्रसंग सोडला तर. हे मला तेव्हाही माहीत होतं.

तांबीचंही तसंच उलटं होतं. बसवायला सगळे तयार असतात. काढून द्या म्हटलं की "अजून सहा महिने बघा ना." बाई मग दुसरीकडे जाते किंवा जातच नाही, आणि आपण तिला ‘फॉलोअपला आली नाही’ लिहितो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि तो इथवर बहुतेक सुटलाच आहे. ‘रिप्रॉडक्टिव्ह जस्टिस’ हा शब्द १९९४मध्ये शिकागोत कृष्णवर्णीय बायकांच्या एका गटाने घडवला. त्यांचं म्हणणं असं: मूल नको असण्याचा हक्क, मूल हवं असण्याचा हक्क, आणि झालेलं मूल सुरक्षित जागी वाढवण्याचा हक्क, तिन्ही एकत्र. गर्भपात पहिल्यात येतो. कळांमध्ये घेतलेली सही दुसऱ्यात. ज्या आईचा नवरा परत पाठवला आणि अंगणात गटाराचं पाणी तुंबतं, ती तिसऱ्यात. आणि हक्क असणं वेगळं, तो हाताशी येणं वेगळं, हे समजायला आमच्या व्हॅलीतल्या मॅकॲलन शहरातली रोझी हिमेनेस पुरेशी आहे. १९७३पासून देशभर गर्भपात कायदेशीर होता. १९७७मध्ये हाइड दुरुस्ती नावाच्या केंद्राच्या नियमाने गर्भपातासाठी मेडिकेडचे पैसे मिळणं थांबलं. रोझी स्वस्तातल्या, असुरक्षित मार्गाने गेली, ३ ऑक्टोबर १९७७ला वारली. वय सत्तावीस, शिक्षिका व्हायचं शिक्षण चाललेलं, पदरात लहान मुलगी. टेक्सासमध्ये आता तर तो हक्कही जवळजवळ उरला नाही, त्यावर मी इथे लांबण लावत नाही. पण मला विचाराल तर व्हॅलीतल्या बायकांचं त्याआधीच मोठं नुकसान झालं होतं, २०११मध्ये, जेव्हा राज्याने कुटुंबनियोजनाचं दोन वर्षांचं बजेट सुमारे ११ कोटी १० लाख डॉलरवरून ३ कोटी ८० लाखांवर आणलं आणि क्लिनिकं पटापट बंद झाली. बायका हद्दीवरचा पूल ओलांडून मेक्सिकोतल्या नुएवो प्रोग्रेसोच्या फार्मसीतून महिन्याची इंजेक्शनं आणू लागल्या. ज्यांना पूल ओलांडून परत येता येत नाही, त्या दुसरीला पैसे देऊन मागवत. अजूनही मागवतात.

मग धर्म, नवरा, सासू यांचं काहीच नाही का? आहे ना. दुखणं अंगावर काढणं आहे, पुरुष डॉक्टरची लाज आहे, ‘मला काय धाड भरलीय’ आहे. माझ्या सोलापूरच्या मावशीतही होतं. या बायकांच्यात बाळंतिणीला चाळीस दिवस घराबाहेर पडू देत नाहीत, कुआरेंतेना म्हणतात, हुबेहूब आपला सव्वा महिना. पण ते कळलं की मी पहिली भेट बाळाच्या अपॉइंटमेंटला जोडून देते. बाळाला घेऊन ती बाहेर पडतेच, चाळीस दिवस असोत नसोत.

तुम्ही इंटर्न आहात, योजना बदलायची ताकद तुमच्या हातात नाही. पण फोन तुमच्या हातात असेल. न आलेल्या बाईला "का आला नाहीत?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "माफ करा" एवढंच येतं. विचारा, "तुम्हाला इथे कोण आणतं? किती घेतो? मुलं कुठे असतात तेव्हा? पत्र कुणी वाचून दाखवलं?" उत्तरं जशीच्या तशी एका वहीत लिहा आणि महिन्याने ती वही सुपरवायझरना दाखवा, वाद न घालता. सुट्टीच्या दिवशी सकाळची दोन तासांची वेळ काढा म्हणून सांगता आलं तर सांगा. एचपीव्हीच्या, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या, तपासणीचा नमुना बाईने स्वतः घ्यायची पद्धत २०२४मध्ये मंजूर झाली आहे, तुमच्याकडे ते किट येतं का विचारा. लाज आणि वेळ दोन्ही वाचतात.

आणि ग्वातेमालाची बाई असेल तर आधी विचारा, घरात कुठली भाषा बोलता. मामचे, किचेचे दुभाषे फोनवर मिळतात, पण वेळ आधी घ्यावी लागते. आयत्या वेळी नाही मिळत.